घरकामात मन कसं रमवावं

मे महिन्यात मुंबईची माणसं आली की आमच्या घरात बारा-पंधरा पानं होतात, आणि नेमकी तेव्हाच विहीर तळाला गेलेली असते. अशा दिवसांत 'भांडी घासताना हसत राहा, सगळं छान वाटेल' हा सल्ला मला अनेकदा मिळाला. त्याने कधीच छान वाटलं नाही. तीस वर्षं कोकणातलं घर सांभाळल्यावर आज मला भांडी घासायला मनापासून आवडतात, पण त्याची वाट वेगळी होती.

एकच काम निवडा, तेही कंटाळ्याचं. अर्ध्या तासात संपणारं हवं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. साधन धड असू द्या: विळीला धार, केरसुणीला हीर.

आता अवघड भाग. काम सुरू होऊन पाच मिनिटं होतात न होतात तोच डोक्यात हिशेब मांडला जातो. काल कोणी केलं, परवा कोणी केलं, मीच का? माझी कित्येक वर्षं इथेच अडली. मी तो हिशेब दाबायचे. मनाला बजावायचे, घर आहे, माणसं आहेत, देवाचे आभार मान. दाबलेलं सगळं रात्री पोरांवर निघायचं.

म्हणून कळकळीने सांगते, हिशेब खरा असेल तर आभार मानत बसू नका. हात धुवा आणि बोला. एका मे महिन्यात मी मागीलदारी आमसुलांसाठी रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होते. सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, दुसऱ्या दिवशी परत बुडवायची, असं चार-पाच वेळा. मधे पाऊस आला तर सगळं फुकट. ओटीवर सगळे आंबे खात बसलेले आणि मोरीत भांड्यांचा ढीग. मी उठले आणि सांगितलं, आमसुलं मी करते, भांडी माझ्याकडे एकाच वेळची. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी हे स्वतः मोरीत बसले, मग मुलगाही. माझ्या वाट्याची भांडी मला आवडू लागली ती त्यानंतर. कामाची वाटणी न करता बाईला घरकामात आनंद शोधायला सांगणं मला अन्याय वाटतो.

वाटणी झाली, तरी किरकिर येतेच. ती निव्वळ कंटाळ्याची असेल तर हातातल्या एकाच वस्तूचा माग काढा. एकाच, सगळ्या जगाचे आभार नकोत. मी पाणी घेते. आमच्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जांभ्या दगडातून झिरपतो, उतारावरून धावतो आणि समुद्राला मिळतो. एप्रिल-मेमध्ये कळशी विहिरीच्या तळाला आपटते. हे आठवलं की ताटावर तांब्या ओतताना हात आपोआप जपून चालतो. कधी सोडण घेते, म्हणजे नारळाचं वरचं केसाळ साल. कढई घासायचं ते सोडण ज्या माडाचं, तो सासऱ्यांनी लावलेला. त्यांच्याशी माझं फारसं पटलं नाही. पण त्यांच्या माडाचं सोडण रोज माझ्या हातात असतं, आणि आता त्यांची आठवण येते ती मायेनेच.

रोज रात्री वहीत पाच आभार लिहायचा उपाय मीही केला. आठव्या दिवशी तीच पाच वाक्यं परत आली. आपण खंडेनवमीला विळी-कोयती पुजतो, लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळद-कुंकू लावतो. वस्तूला हात लावून आभार मानायची ही रीत घरात आहेच, ती रोजच्या मोरीत आणा. वही नको.

काम संपलं की भांडी उपडी घाला आणि मिनिटभर तिथेच थांबा. मोरीचं पाणी अळवाला जात असेल तर ते पोचेपर्यंत बघा. हे मिनिट मी कधीच टाळत नाही.

पंधरा दिवस तेच काम करा, मग दुसरं घ्या. अंगण सारवणं मात्र सुरुवातीला घेऊ नका. शेणात पाणी किती हे हाताला कळायलाच एक हंगाम जातो, आणि पोपडे धरलेलं अंगण बघून मन उलट खट्टू होतं. पाऊस सरल्यावर, तुळशीच्या लग्नाआधी, सारवणारीच्या शेजारी बसून शिका.