जेवणासकट तिकीट काढताय? या चुका टाळा

सुट्टी लागली की नाशिकमध्ये शिर्डीचं वॉटर पार्क नाहीतर खोपोलीचं इमॅजिका, असे बेत घरोघरी शिजतात. तिकीट काढताना मोबाइलवर ‘जेवणासह पॅकेज’ दिसतं आणि आत गेल्यावर कटकट नको म्हणून आपण ते सगळ्यांसाठी घेऊन टाकतो. पैसे वाचतात का? पॅकेजमधलं जेवण तुम्ही एरवीही तिथे विकत घेऊन खाल्लं असतं, तरच वाचतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डोकी मोजून कुपनं घेणं. आम्ही पाच जण होतो, म्हणून पाच कुपनं घेतली. सासूबाईंची एकादशी आहे हे तिकीट काढताना माझ्या लक्षातच आलं नाही. तिथे उपवासाचं काहीच नव्हतं, त्या दिवसभर केळ्यांवर राहिल्या. सहा वर्षांची लेक पाण्याबाहेर यायलाच तयार नव्हती. शेवटी ओल्या कपड्यांत बसून तिने दोन घास भात खाल्ला आणि आइस्क्रीम मागितलं. ते पॅकेजमध्ये नव्हतं, वेगळे पैसे द्यावे लागले. घरी येऊन पर्स रिकामी केली, तर सासूबाईंचं आणि धाकट्या दिरांचं अशी दोन न वापरलेली कुपनं भिजून एकमेकांना चिकटलेली होती. मला त्याचं फार वाईट वाटलं.

म्हणून आदल्या रात्री कॅलेंडर बघा आणि कोण किती खातं ते कागदावर लिहा. बुफे असेल तर एका ताटात दोघांना जेवू देत नाहीत. सुटे पदार्थ मिळत असतील तर दोन थाळ्यांत तिघांचं भागतं. कॉलेजात जाणारी दोन मुलं बरोबर असतील, तर मात्र बुफे बिनधास्त घ्या.

वेळही बघा. नाशिकहून पहाटे निघालं तरी खोपोलीला पोचेपर्यंत नाश्त्याची वेळ टळून जाते, मग पॅकेजमधला नाश्ता कशाला? वाटेत मिसळ खा. पाण्याची बाटली आणि कर पॅकेजमध्ये धरलेत का, तेही विचारा.

मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांनी ऑरलँडोच्या डिस्नी पार्कचा डायनिंग प्लॅन, म्हणजे तिथल्या हॉटेलात उतरणाऱ्यांसाठीचं जेवणाचं पॅकेज, नीट वाचावा. मध्ये बंद असलेला हा प्लॅन जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. तेव्हा साध्या प्लॅनला मोठ्या माणसामागे एका रात्रीचे सुमारे ५७ डॉलर पडत. त्यात दोन जेवणं आणि एक खाऊ. हिशेब दिवसांवर नाही, मुक्कामाच्या रात्रींवर चालतो. एकाने घेतला की खोलीतल्या तीन वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला तो घ्यावाच लागतो, आणि उरलेलं जेवण निघायच्या दिवशी मध्यरात्री बाद होतं. जेवणासोबतच्या पेयात मोठ्यांना बिअर किंवा वाइनही घेता येते. न पिणाऱ्या, अर्ध्या जेवणात पोट भरणाऱ्या माणसांना असा प्लॅन क्वचितच परवडतो.

पॅकेज आधीच घेऊन झालंय आणि एखादं कुपन उरणार असं दिसतंय? मग संध्याकाळची वाट बघू नका. गेटवरून आत शिरल्या शिरल्या खिडकीवर विचारा, जेवणाऐवजी दुपारचा चहा-नाश्ता देतात का. काउंटर बंद झाल्यावर कुणीच ऐकून घेत नाही.