प्रायमेट प्रजातींमध्ये एएसपीएम जनुकाची तुलना कशी करावी

माणूस आणि इतर प्रायमेट यांच्यात एखादे जनुक ताडून पाहायचे, तर पहिले नाव निघते ते वाणीशी जोडलेल्या फॉक्सपी२ जनुकाचे. पण त्याच्या ७१५ अमिनो आम्लांच्या प्रथिनात ग्लुटामिनचा पट्टा सोडला, तर माणूस आणि चिंपांझी यांच्यात फरक दोनच. एवढ्यावर सांख्यिकी चाचणी लंगडीच पडते. त्यापेक्षा एएसपीएम घ्या. गर्भाच्या मेंदूत चेतापेशींच्या पूर्वपेशी विभागल्या जाताना हे जनुक लागते. ते निकामी झाले तर डोके लहान राहते. ३,४७७ अमिनो आम्लांच्या लांबीमुळे मोजण्याजोगे फरकही मिळतात.

माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, गिबन, ऱ्हीसस माकड आणि मार्मोसेट यांचे सीडीएस (जनुकाचा प्रथिन ठरवणारा डीएनए-क्रम) एन्सेम्बल या जीनोम-माहितीकोशाच्या ऑर्थोलॉग (एकाच पूर्वज-जनुकापासून आलेल्या जनुकांच्या) यादीतून उतरवा. नाते 'एकास एक' असेल, म्हणजे दोन्हीकडे एकेकच प्रत असेल, तरच. खरा वेळ इथे घालवा, कारण 'वेगवान उत्क्रांती' म्हणून जे दिसते ते पुष्कळदा सदोष क्रमांतूनच उगवते. माणसाचा सीडीएस थांबा-कोडॉनसह (प्रथिन संपल्याची तीन बेसची खूण) १०,४३४ बेसचा. एखाद्या प्रजातीत पावणेपाच हजारांच्या आसपास बेस कमी भरले, तर १८वा एक्झॉन (जनुकाचा एक तुकडा) वगळलेला ट्रान्सक्रिप्ट (जनुकाची आरएनए प्रत) हाती आला का ते पाहा. लांबी तीनने भागली जात नसेल किंवा मध्येच थांबा-कोडॉन असेल, तर तो क्रम बाजूला ठेवा.

जुळवणी प्रथिनांची करा (प्रँक किंवा मॅफ्ट या प्रोग्रामने), मग पॅल२नॅल या साधनाने कोडॉनवर परत या. या जनुकात आयक्यू नावाच्या छोट्या अमिनो आम्ल-क्रमाच्या पुनरावृत्ती ओळीने आहेत. शेजारची पुनरावृत्ती चुकून जुळली की एकाच जागी खोट्या बदलांचा गठ्ठा दिसतो. तो भाग डोळ्यांनी तपासावाच लागतो.

वंशवृक्ष प्रजातींचा वापरा, या एका जनुकावरून काढलेला नको. गोरिलाच्या जीनोमचा सुमारे ३० टक्के भाग प्रजातींच्या क्रमाशी जुळत नाही.

कोडएमएल या प्रोग्राममध्ये आधी वंशवृक्षाच्या सर्व शाखांना एकच ओमेगा (अमिनो आम्ल बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या, म्हणजे मूक, बदलांच्या दरांचे गुणोत्तर) द्या, नंतर माणसाच्या शाखेला हॅश-एकची (#1) खूण करून वेगळा. दोन फेऱ्यांच्या लॉग-लाइकलीहूडमधल्या (प्रारूप माहितीशी किती जुळते त्याचे माप) फरकाची दुप्पट ३.८४ च्या वर गेली, तर ५ टक्के पातळीवर ती शाखा वेगळी ठरते. वेगळी म्हणजे अनुकूल निवड झालेली, असे नव्हे! त्यासाठी त्या शाखेचा ओमेगा १ वर (म्हणजे निवडीचा दाब नसलेल्या स्थितीवर) बांधून तिसरी फेरी चालवा आणि दुसरीशी ताडून पाहा. ओमेगा ९९९ आला, तर शाखेवर मूक बदलच सापडलेले नाहीत. तो आकडा निष्कर्षात वापरू नका.

शेवटी माणसाकडचे बदल मानवी विविधतेच्या माहितीशी पडताळा. जी जागा आजही माणसामाणसांत बदलते, ती माणसात स्थिरावलेल्या बदलांत मोजता येत नाही.