गायगर काउंटर घरी तपासताना: पोटॅश, थाळ्या आणि पावसाचं पाणी

गायगर काउंटर म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र. टिकटिक ऐकू आली की ते चालू आहे एवढंच कळतं, नीट मोजतोय की नाही ते कळत नाही. बोर्डवरच्या हाय व्होल्टेजच्या गळतीनेही टिकटिक होते.

आधी जवळ काही न ठेवता १० मिनिटं मोजा. एसबीएम-२० किंवा जे३०५ ट्यूब (काउंटरमधली किरणं टिपणारी नळी) घरात मिनिटाला साधारण १५ ते ३० काउंट, म्हणजे टिकटिका, देते. २० काउंटमध्ये वर्गमुळाएवढा, म्हणजे साडेचारचा फरक आपोआप पडतो, म्हणून मिनिटभराच्या आकड्यावर भरवसा नको. २०० काउंटला तोच फरक १४ असतो, म्हणजे प्रमाणात खूपच कमी. इंदूरखालचा दगड दख्खनचा बेसाल्ट. त्यात युरेनियम-थोरियम ही किरणोत्सारी मूलद्रव्यं कमी. आकडा खालच्या अंगाला आला तर ट्यूबला लगेच दोष देऊ नका. जे३०५ काचेची असल्याने उन्हातही खोटे काउंट देते. काळं कापड टाकून मोजा.

सगळ्यात भरवशाचा स्रोत म्हणजे खताच्या दुकानात मिळणारं एमओपी (म्युरिएट ऑफ पोटॅश), म्हणजेच पोटॅश. इंदूरच्या छावणीत खत-बियाण्याच्या दुकानात विचारा. कुंड्यांसाठीचं छोटं पाकीट पुरतं. ग्रॅममागे सेकंदाला साधारण १५ विघटनं होतात, ती पोटॅशियम-४० या पोटॅशियमच्या किरणोत्सारी प्रकाराची. २०० ग्रॅम झिप पाउचमध्ये भरून ट्यूबच्या लांबीइतकं सपाट पसरा. ढीग करून उपयोग नाही, कारण वरच्या अर्ध्या सेंटिमीटरखालचे बीटा कण (विघटनातून सुटणारे वेगवान इलेक्ट्रॉन) खतातच अडकतात. पाउच घट्ट बंद ठेवा, ते ओल धरतं. आणि स्वयंपाकघरात ठेवू नका.

तुलनेला तेवढ्याच साध्या मिठाचा पाउच करा. मीठ १० मिनिटं, पोटॅश १० मिनिटं, परत मीठ १० मिनिटं. जागा आणि अंतर अजिबात बदलू नका. मिठाच्या एका आणि पोटॅशच्या मोजणीची बेरीज करून वर्गमूळ काढा आणि त्याला ३ ने गुणा. दोघांतला फरक त्याहून मोठा असेल तर तो खरा. मिठाला २०० आले तर पोटॅशला निदान २६५ हवेत.

आता पोटॅश आणि ट्यूबच्या मध्ये स्टीलच्या दोन थाळ्या एकावर एक ठेवा. काउंट जवळजवळ मिठाइतके उतरले, तर वाढ बीटा कणांचीच होती. ही पायरी गाळू नका.

फरकच दिसला नाही तर बहुतेक वेळा प्लास्टिकचं कव्हर आड येतं. ते काढण्याआधी बॅटरी काढा, मिनिटभर थांबा. ट्यूबवर ४०० व्होल्टच्या आसपास असतात. तरीही जमलं नाही तर व्होल्टेज तपासा. इथे साधा मल्टिमीटर फसवतो: त्याचा आतला १० मेगाओहमचा रोध सर्किटला ओढून आकडा खाली आणतो. १ गिगाओहमचा रोध सिरीजमध्ये लावा आणि आलेला आकडा १०१ ने गुणा; ३.९६ दिसले तर ४०० व्होल्ट. आषाढात काउंट उगाच चढले तर सोल्डरिंगनंतर बोर्डवर राहिलेला चिकट फ्लक्स ओल धरतोय. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा. ट्यूबच्या टोकांवर थेट सोल्डर मात्र कधीच करू नका, क्लिप वापरा.

केळ्याच्या नादी लागू नका. त्यात जेमतेम १५ बेकरेल, म्हणजे सेकंदाला १५ विघटनं, असतात. ओट्याच्या ग्रॅनाइटवर मोजायला हरकत नाही, पण बाजारातला "काळा ग्रॅनाइट" बऱ्याचदा ग्रॅनाइट नसतोच; गुलाबी-लाल दगड घ्या आणि कोटा फरशीशी ताडा. पेट्रोमॅक्सच्या मेंटलमध्ये थोरियम असू शकतं. पाकीट बंदच ठेवून मोजा. जाळू नका, राख श्वासात जाते. काही स्मोक डिटेक्टरमध्येही किरणोत्सारी पदार्थ असतो, पण तो फोडू नका.

पावसाळ्यात एक सुंदर चाचणी करता येते. सर थांबताच गाडीच्या टपावरचं पाणी टिश्यूने पुसा, घडी घालून पातळ पिशवीत ठेवा आणि लगेच ट्यूबला लावा. पावसाने खाली आणलेली रेडॉनची अपत्यं, म्हणजे हवेतल्या या किरणोत्सारी वायूच्या विघटनातून बनलेली शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, त्यावर असतात. दर १० मिनिटांचा आकडा लिहीत जा: पार्श्वभूमी वजा केली की उरलेले काउंट अर्ध्या तासात सुमारे निम्मे होतात. गळती किंवा मोबाइलचा गोंधळ अशा चालीने उतरत नाही.