नमुन्याच्या बाटलीवर वेळ लिहिलेली नसेल तर ‘नॉर्मल’ रिपोर्टवर विसंबू नका: या चुका टाळा

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये पार्ट पेट्रोलने धुतात. पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेन्झीन असू शकतं आणि त्यानं रक्ताचा कॅन्सर होतो. म्हणून कामगारांच्या लघवीची तपासणी केली. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, मलाही हायसं वाटलं. मग वही उघडली. नमुने घेतले होते शुक्रवारी सकाळी नऊला.

आपल्या एमआयडीसीत सुट्टी गुरुवारी. बुधवारी चारला पाळी सुटली, तेव्हापासून ४१ तास उलटले होते. बेन्झीनची खूण म्हणून मोजतात ते एस-फिनाइल मर्कॅप्ट्युरिक ॲसिड साधारण नऊ तासांत निम्म्यावर येतं. म्हणजे शुक्रवारी सकाळी पाच टक्केही शिल्लक नव्हतं. आम्ही सुट्टीच मोजली होती! नमुना पाळी संपतानाच घ्या. आठवड्याच्या शेवटी घ्यायचा असेल, तर इथे तो शेवट बुधवार असतो. नमुना कधी घ्यायचा हे सांगणाऱ्या परदेशी तक्त्यातला शुक्रवार जसाच्या तसा उचलू नका.

दुसरी चूक डब्यातली. बेन्झीनसाठी म्युकॉनिक ॲसिड मोजत असाल, तर सॉस आणि बेकरीच्या मालातलं सॉर्बेट शरीरात त्याच पदार्थात बदलतं. थिनरमधल्या टोल्युइनसाठी हिप्प्युरिक ॲसिड मोजलं, तर विकतच्या लोणच्यातलं सोडियम बेन्झोएट (पाकिटावर २११) तेच वाढवतं. संपर्क भरपूर असेल तर हा फरक झाकला जातो. कमी असेल तर मात्र आकडा पेट्रोलचा की सॉसचा, कळतच नाही. म्हणून आदल्या दिवसापासून काय खाल्लं, विडी-सिगारेट किती ओढली, हे विचारून लिहून घ्या. धुरातही बेन्झीन असतं.

नमुना द्यायला माणूस थेट मशीनवरून येतो, हात थिनरने पुसून. आधी साबणाने हात, मग बाटली. शिसं तपासताना तर याहून जास्त जपा: बोटाला टोचून रक्त घेतलं आणि कातडीवर शिशाची धूळ असली, तर रिपोर्ट धुळीचा येतो. दंडाच्या शिरेतूनच घ्या.

लघवी किती पातळ किंवा घट्ट आहे हे क्रिएटिनिनवरून कळतं. ते लिटरला ०.३ ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३ पेक्षा जास्त आलं तर नमुना टाकून द्या, दुसरा घ्या. ‘भरपूर पाणी पिऊन या’ असं कुणालाही सांगू नका.

आकडा मर्यादेच्या आत आहे म्हणून फाईल बंद करणं मला सगळ्यात जास्त खटकतं. त्याच माणसाचा मागचा आकडा शेजारी ठेवा. दुप्पट झाला असेल तर हातमोजे, पंखा, पेट्रोलचा उघडा ट्रे, सगळं जाऊन पाहा. आणि रिपोर्ट आधी त्याच्या हातात द्या, मराठीत. बोटांना पेट्रोल त्याच्याच लागतं.