एबीजी: बाण नसलेला आकडा आधी बघा

एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू आणि पीएच मोजणारी तपासणी. त्यातलं हेन्डरसन-हॅसलबाल्खच्या समीकरणाचं लॉग व्हायव्हासाठी (तोंडी परीक्षेसाठी) राहू दे. रात्रीच्या ड्यूटीला हेन्डरसनचं मूळ सूत्र पुरतं: हायड्रोजन आयन = २४ × पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब) ÷ बायकार्ब (बायकार्बोनेट). पीसीओटू ४०, बायकार्ब २४ असेल तर उत्तर ४० नॅनोमोल, म्हणजे पीएच ७.४०. स्लिपवरचे तीन आकडे यात बसत नसले, तर निदान करत बसू नका, सॅम्पल परत पाठवा.

माझी दांडी उडवली ती विंटर्सच्या सूत्रानं, आणि ते तोंडपाठ असताना. मेटाबॉलिक ॲसिडोसिसमध्ये, म्हणजे बायकार्ब घटून रक्त आम्ल होतं तेव्हा, श्वास वाढून पीसीओटू उतरायला हवा. अपेक्षित पीसीओटू = १.५ × बायकार्ब + ८, दोन इकडे-तिकडे. डीकेएचा (मधुमेहात कीटोन साचून होणाऱ्या ॲसिडोसिसचा) पेशंट घ्या. बायकार्ब १०, पीसीओटू ३८. मशीनच्या लेखी ३५ ते ४५ नॉर्मल, त्यामुळे ३८ पुढे कमी-जास्तचा बाण येत नाही आणि नजर सरळ पुढे जाते. सूत्रात घाला: १५ + ८ = २३. इथं २३ हवा होता! २३ असता तर पीएच ७.२६ च्या आसपास असता. ३८ मुळे तो ७.०४ वर आलाय. म्हणजे श्वासाचे स्नायू थकलेत, किंवा पेशंट गुंगीत चाललाय, किंवा फुप्फुसातच काही आहे. मघाशी धापा टाकणारा माणूस शांत पडलेला असतो आणि नातेवाईक म्हणतात, ‘आता जरा बरं वाटतंय त्यांना.’ बरं नाहीये. लगेच सिनियरला उठवा, शिव्या खा. अशा पेशंटला ट्यूब टाकून व्हेंटिलेटरचा रेट (मिनिटाला श्वास) नेहमीसारखा १४ ठेवला तर कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही आणि पीएच आणखी कोसळतो.

घाबरू नका, चार-पाच स्लिपा हातानं सोडवल्या की हे अंगवळणी पडतं. ॲपवर मात्र पडत नाही, माझं मत. ॲपला कुठलं सूत्र कुठं लावायचं ते तुम्हीच सांगता, आणि विंटर्स रेस्पिरेटरी ॲसिडोसिसला (मूळ बिघाड श्वासाचाच असतो तिथं) लावणारे मी रोज बघते.

ॲनियन गॅप (सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा) काढताना अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन बघा: डेसिलिटरला ४ ग्रॅमच्या खाली दर १ ग्रॅमला गॅपमध्ये २.५ मिळवा. बाकी सोपं आहे.

अल्व्हिओलर गॅसच्या समीकरणानं फुप्फुसातल्या वायुकोशांमधला ऑक्सिजनचा दाब काढतात; त्यात ७६० हा समुद्रसपाटीचा हवेचा दाब, ४७ पाण्याच्या वाफेचा, ४० पीसीओटू. मुंबईत ०.२१ × (७६० − ४७) − ४०/०.८ म्हणजे साधारण १००. पुणं ५६० मीटरवर, दाब ७१० च्या आसपास, उत्तर ८९. पेशंटचा पीएओटू (धमनीतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब) ८० असेल तर मुंबईत ग्रेडियंट, म्हणजे या दोन दाबांमधला फरक, २०, पुण्यात ९. पंचविशीतल्या पोराला २० म्हणजे सीटीपर्यंत धावपळ, ९ म्हणजे काही नाही. परीक्षेत मात्र ७६० च लिहा.