नीतिसूत्रे रोजच्या व्यवहारात उतरवताना

बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाच्या २६व्या अध्यायातील चौथे आणि पाचवे वचन शेजारीशेजारी आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस, नाहीतर तूही त्याच्यासारखा होशील, असे पहिले सांगते. त्याला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल, असे दुसरे. हा ग्रंथ संकलित करणाऱ्यांच्या नजरेतून ही विसंगती सुटली असेल असे मानणे कठीण आहे. कोणत्या प्रसंगी कोणते वचन लागू पडते हे ओळखायला वाचकाला भाग पाडावे, म्हणूनच ती जवळजवळ ठेवलेली दिसतात. याच अध्यायाच्या नवव्या वचनात मूर्खाच्या तोंडच्या सुभाषिताला दारुड्याच्या हातातील काटा म्हटले आहे. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आजचा दैवी निरोप समजायचा, किंवा सकाळी एक वचन स्टेटसला लावून दिवसभर त्याच्याकडे वळूनही पाहायचे नाही, या दोन्ही सवयी आधी सोडाव्यात.

ग्रंथाचे अध्याय ३१ असल्याने तारखेप्रमाणे रोज एक अध्याय वाचण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. पहिल्या नऊ अध्यायांना ती शोभते, कारण तेथे बाप मुलाला सलग समजावतो आहे आणि परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ आहे, ही पुढच्या सगळ्याची बैठक तेथेच बसते. दहाव्या अध्यायापासून मात्र सुटी वचने सुरू होतात, आणि ती भराभर वाचली की कुटुंबप्रार्थना संपेपर्यंत एकही लक्षात राहत नाही. तेथून पुढे विषयवार वही करावी: जीभ, पैसा, जामीनकी, जमीन, शेजार. डाव्या पानावर वचन लिहावे आणि उजव्या पानावर त्याला मर्यादा घालणारे दुसरे वचन शोधून लिहावे, मग ते नीतिसूत्रांतील असो, नव्या करारातील याकोबाच्या पत्रातील असो वा प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनातील. उजवे पान कोरे असेपर्यंत त्या वचनाच्या आधारे कोणालाही सल्ला देऊ नये, स्वतःलाही नाही.

जामीनकीचे उदाहरण घेऊ, कारण कोकणात या प्रश्नाने जितकी घरे दुभंगतात तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने दुभंगत असतील. मावसभावाला होडीच्या इंजिनासाठी पतपेढीतून कर्ज हवे आहे, दोन जामीनदार लागतात, आणि संध्याकाळी तो फॉर्म घेऊन तुमच्या पडवीत येऊन बसला आहे. चहा झाला आहे, पेन त्याने खिशातून काढले आहे, आणि सही कुठे करायची तेथे पेन्सिलीने फुलीसुद्धा मारून आणली आहे. नीतिसूत्रे ६:१–५ (म्हणजे सहाव्या अध्यायाची पहिली पाच वचने) या बाबतीत अजिबात गुळमुळीत बोलत नाही: शेजाऱ्यासाठी जामीन राहून अडकला असशील तर पारध्याच्या हातून हरिण सुटते तसा सूट, तोपर्यंत डोळ्यांना झोप लागू देऊ नकोस. २२:२६–२७ तर विचारते की, फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचे अंथरूण का जावे? आपला कायदाही तेच म्हणतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘सही म्हणजे नुसती औपचारिकता’ हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याने फॉर्मची मागची बाजू वाचलेली नसते, किंवा वाचली असूनही तो सांगत नसतो.

आता उजवे पान. ३:२७–२८ सांगते की हातात बळ असताना ज्याचे भले करायला हवे त्याला नाकारू नकोस, ‘उद्या ये’ म्हणू नकोस. कॅथलिक बायबलमध्ये असलेला सिराखचा ग्रंथ तर २९व्या अध्यायात चांगला माणूस शेजाऱ्यासाठी जामीन राहतो असे म्हणतो आणि थोड्याच वचनांनंतर, आपल्या ऐपतीप्रमाणे मदत कर पण स्वतः पडू नकोस, असेही बजावतो. दोन्ही पाने एकत्र वाचली की कृती अशी ठरते: कर्जाची पूर्ण रक्कम, हप्ता आणि त्याची इतर देणी विचारावीत; ती विचारल्याने नाते तुटणार असेल तर सही केल्यावर ते अधिकच तुटेल. मग पत्नीशी किंवा पतीशी बोलून ठरवावे की सगळे हप्ते आपल्यावर आले तर मुलांच्या फीला आणि राहत्या घराला हात न लावता ते भरता येतील काय. येत असतील तर ती रक्कम गेलीच असे मनाशी धरून सही करावी. येत नसतील तर त्याच बैठकीत, तोंडावर, नाही म्हणावे, आणि जमेल तेवढे रोख तेव्हाच द्यावे. कागद बँकेत अडकले आहेत अशी सबब सांगू नये. मत्तयाच्या शुभवर्तमानातील ५:३७ मधील ‘होय तर होय, नाही तर नाही’ येथेही लागू आहे. सही आधीच झाली असेल तर स्वतःहून काढता पाय घेता येत नाही. दुसरा जामीनदार किंवा तारण देऊन मोकळीक मिळते का, हे संस्थेला लेखी विचारावे आणि दर महिन्याला हप्ता भरल्याची पावती पाहावी.

जमिनीच्या बाबतीत २२:२८ आणि २३:१० ही वचने प्राचीन सीमा सरकवू नका असे सांगतात. पावसाळ्यात ढासळलेला गडगा, म्हणजे हद्दीवरचे दगडी कुंपण, पुन्हा रचताना चिरे हातभर पलीकडे बसतात, आणि दहा वर्षांनी तीच जुनी हद्द ठरते. म्हणून शेजाऱ्याला उभे करूनच गडगा रचावा, आणि वाद असेल तर मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा. उपवास-प्रार्थना अवश्य करावी, पण मोजणीऐवजी नव्हे. बहिणींचा वाटा ही याच विषयाची दुसरी बाजू आहे. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो आणि त्यात मुलगा व मुलगी यांचा हिस्सा सारखा असतो. (गोव्याचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे गोव्याच्या सीमेवरील बांद्याच्या पलीकडच्या नातलगांचा दाखला इकडे चालत नाही.) नाताळला माहेरी आलेल्या बहिणीपुढे जेवणानंतर हक्कसोडपत्र ठेवणे हे ३१:८–९ च्या, म्हणजे ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तोंड उघड या आज्ञेच्या, सरळ विरुद्ध जाते. कागद तिच्या घरी पाठवावा, वाचायला वेळ द्यावा, आणि ती नाही म्हणाली तर तो विषय जेवणाच्या ताटावर काढू नये.

बाजारासाठी २०:१४ पुरेसे आहे: घेणारा ‘वाईट, वाईट’ म्हणतो आणि घरी जाऊन फुशारकी मारतो. बांगड्याचा वाटा ताजा आहे हे दिसत असताना कोळणीला शिळा म्हणून पाडून मागू नये. परवडत नसेल तर तसे सांगावे. उन्हाळ्यात अन्न साठवणाऱ्या मुंगीचे वचन, ६:६–८, येथे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि बेगमी न केलेल्या घराला ते दोन महिने काय असतात हे किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या उजव्या पानावर, उद्या काय होईल हे तुम्हाला ठाऊक नाही असे सांगणारे याकोब ४:१३–१५ लिहावे.

सर्वांत जपून वापरायचे वचन म्हणजे २२:६, मुलाला त्याच्या मार्गाचे शिक्षण दे म्हणजे म्हातारपणीही तो त्यापासून ढळणार नाही. हे सर्वसाधारण अनुभवाचे बोल आहेत, हमीपत्र नव्हे. मुंबईला गेलेल्या मुलाने चर्च सोडले म्हणून झुरणाऱ्या आईला हे वचन ऐकवणे म्हणजे बायबलमधील संकटांत सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांची चूक पुन्हा करणे. ते मित्र सात दिवस जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होते. मग त्यांनी ऐकायला बरोबर वाटणारी तत्त्वे चुकीच्या माणसाला लावली, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. दुःखाच्या घरी जाताना २५:२० आठवावे: खिन्न माणसापुढे गाणी गाणे म्हणजे थंडीच्या दिवशी अंगावरचे वस्त्र काढून घेणे. तेथे जेवणाचा डबा न्यावा, भांडी घासून यावी, आणि वचन त्यांनी विचारले तरच वाचावे.

इतके करूनही दोन्ही पाने सारख्याच वजनाची वाटतात असे प्रसंग येतात. याकोब १:५ प्रमाणे शहाणपण मागावे आणि नीतिसूत्रे १५:२२ प्रमाणे सल्लागारही गाठावेत. सल्लागार निवडताना त्याला या व्यवहारात काही मिळणार नाही ना हे पाहावे, आणि पूर्वी कधीतरी आपल्याला तोंडावर नाही म्हणालेला माणूस त्यात असावा. १८:१७ सांगते की पहिला बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन त्याला तपासेपर्यंत. म्हणून सल्ला मागताना विरुद्ध बाजूचे म्हणणे आपणच, त्याला मान्य होईल अशा शब्दांत, मांडावे. वाद मंडळीतीलच दोन घरांचा असेल आणि फादर किंवा पाळक त्यांपैकी एकाचे नातलग असतील, तर त्यांच्याकडे न जाता दुसऱ्या गावच्या धर्मगुरूंकडे जावे, आणि तसे करणार असल्याचे आपल्या फादरांना आधी सांगावे.