ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला जाताय? या चुका टाळा

आमची पहिली फेरी पार वाया गेली. रविवार, सगळ्यांना सुट्टी, निवांत पोहेबिहे खाऊन ऐरोलीला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. पाणी कुठे आहे तेच कळेना. समोर नुसता काळा चिखल, आणि फार लांब, डोळे बारीक करून पाहिलं तर, गुलाबी खडूने ओढल्यासारखी एक रेघ. ‘ते बघ फ्लेमिंगो’ असं भाच्याला सांगताना माझाच माझ्यावर विश्वास नव्हता. जाळं नीट करत बसलेले एक कोळी काका हसले. “आज आठम हाय दादा. भरती सांजच्याला.”

वार बघून जाणं

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या निम्म्या हिच्याच पोटातून निघतात. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, चिखलावर जगतो. चोच उलटी करून तो चिखलपाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातो. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो, पक्षी पांगतात आणि बोटीला तरंगायला पाणी उरत नाही. पूर्ण भरतीला चिखल बुडतो, मग थवे उठून नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर विसावा घेतात. आपल्याला हवी असते मधली वेळ: बोटीपुरतं पाणी आणि पक्ष्यांपुरता चिखल.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हा हिशेब तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि दुपारी बाराला ठणठणाट. द्वादशीला नऊ. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, गणित तेच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून पक्कं करताना भरतीचं वेळापत्रक बघाच. पण ‘या रविवारी जमेल का’ एवढं ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. बोटीची वेळ सकाळी सातची नाहीतर भर दुपारी तीनची का दिली म्हणून तिकीट खिडकीवर हुज्जत घालणारे पाहिलेत मी. ती वेळ खिडकीमागचा माणूस ठरवत नाही, चंद्र ठरवतो.

महिनाही चुकतो. थवे नोव्हेंबरपासून यायला लागतात, पण खरी जत्रा फेब्रुवारी ते एप्रिल. डिसेंबरात जाऊन ‘हजारो असतात म्हणाले होते’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

“जरा उडवा ना!”

हे वाक्य बोटीवर हमखास ऐकू येतं. थवा उडाला की पंखांखालचा लाल-काळा रंग दिसतो, रील झकास होते. मग टाळ्या, शिट्ट्या, आणि नावाड्यामागे भुणभुण: अजून थोडं जवळ घ्या. तो बिचारा पेचात पडतो, कारण समोर गिऱ्हाईक आहे. त्याला त्या पेचात टाकू नका.

किती जवळ जायचं ते पक्षीच सांगतात. माना खाली असतील तर सगळं ठीक. एकेक मान वर यायला लागली, विखुरलेले पक्षी एकत्र येऊन एकाच दिशेने झपाझप चालू लागले, की समजा आपण हद्द ओलांडली. आता उडणार. खाडीत चिखल उघडा असतो तेवढे तासच त्यांचं जेवण. त्यात दर बोटीगणिक उठावं लागलं तर खाल्लेलं उडण्यातच जातं. मोसम संपताना यातल्या पुष्कळांना गुजरातेत कच्छकडे परतायचं असतं, त्याची शिदोरी इथेच भरून घ्यायची असते. ड्रोनबद्दल वेगळं सांगायला नको. परवानगीशिवाय नाहीच.

सुमारे १७ चौरस किलोमीटरचा हा पट्टा २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात प्राणी-पक्ष्यांना छेडायला मनाई आहे, तशीच कचरा टाकायलाही. पुलावरून गाडीची काच खाली करून भिरकावलेली निर्माल्याची पिशवी या खाडीतच पडते. पिशवी देवाची असली तरी प्लास्टिकचीच.

कुरवांना शेव-गाठ्या

बोटीमागे लागलेले पांढरे कुरव, म्हणजे सीगल, गोड दिसतात, हातातली शेव अलगद टिपतात, पोरं खूश. पण हा मासे-किडे खाणारा पाहुणा, त्याला तळलेलं खारट बेसन कशाला? पुडी घरीच ठेवा. बोटीवर कुणी दुसरं टाकत असेल तर मी एवढंच म्हणतो, “काका, नका घालू, आजारी पडतात.” भांडलात तर ते मुद्दाम टाकतात.

“हे तर पांढरेच आहेत, फसवलं!”

कुणी फसवलेलं नाही. राखाडी-मळकट दिसतात ती पिल्लं. गुलाबी रंग खाण्यातून चढतो आणि त्याला दोन-तीन वर्षं लागतात. उंच, फिकट, गुलाबी चोचीला काळं टोक असलेले ते मोठे रोहित. बुटके आणि काळपट लाल चोचीचे ते छोटे, आणि इथे गर्दी त्यांचीच. मोबाइलचा झूम यातलं काही दाखवत नाही. चौघांत मिळून एक साधी दुर्बीण घ्या.

जखमी पक्षी दिसला तर

पाणी पाजू नका, चोच उघडून काही भरवू नका, फोटोसाठी उचलू नका. कुत्री आणि माणसं लांब ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. नेमकी जागा सांगा. ‘खाडीजवळ’ म्हणून उपयोग नाही.

आणि तरीही वेळ चुकलीच तर

लगेच गाडीकडे वळू नका. त्या अष्टमीला आम्ही पायवाटेवरच तासभर रमलो. चिखलात निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे, उड्या मारत होत्या, मध्येच थांबून डोळे वर काढून बघत होत्या. तिवरांभोवती, म्हणजे खारफुटीच्या झाडांभोवती, पेन्सिलीसारखी उभी टोकं दिसतात ती त्यांची श्वासमुळं, त्यामुळे पायवाट सोडून खाली उतरू नका, एकेका पावलाखाली दहा-बारा मोडतात. तिवराचं झाड जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. पान तोडायचं नाही, फांदीवरच त्यावर हलकं बोट फिरवायचं. भाच्याने फिरवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं करून म्हणाला, “मामा, वेफर्ससारखं!”